बांधलेलं गिऱ्हाईक व्हा: अटलांटात नव्याने आलेल्यांसाठी, कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांना आणि संस्थांना वर्षभर साथ कशी द्यावी

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ साली एका आठवड्यापासून सुरुवात केली आणि १९७६ पासून तो महिनाभर पाळला जाऊ लागला. या दिवसांत ऑफिसात व्याख्यानं होतात, कॅफेटेरियात खास जेवण येतं, कृष्णवर्णीय मालकांच्या दुकानांच्या याद्या फिरतात, त्यांच्याकडे ऑर्डरींची झुंबड उडते. मार्च उजाडला की फोन थंडावतात. दुकानाचं भाडं, कामगारांचे पगार आणि विजेचं बिल मात्र मार्चमध्येही येतं.

म्हणून या लेखात सणासुदीच्या खरेदीबद्दल फारसं काही नाही. तुमचे जे खर्च दर महिन्याला होणारच आहेत, त्यांतले दोन-तीन कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांकडे कसे वळवायचे आणि तिथे टिकून कसं राहायचं, ते इथे सांगतो. उदाहरणं अटलांटाची आहेत, कारण मी इथे राहतो आणि दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं इथे येतात. शिकागो, ह्यूस्टन, न्यू जर्सीत असाल तर नावं बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

आधी थोडं मागचं

अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या उत्तरेकडच्या उपनगरांत घर घेतलं की आजूबाजूला कृष्णवर्णीयांची दुकानं फारशी दिसत नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. कमिंग ज्या फोरसाइथ काउंटीत आहे, तिथून १९१२ साली हजाराहून अधिक कृष्णवर्णीय रहिवाशांना धमक्या देऊन, घरं-चर्चं जाळून हुसकावून लावलं गेलं. कित्येकांच्या जमिनी तिथेच सुटल्या. पुढची कित्येक दशकं ही काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली. आज तिथे आपली मुलं शाळेत जातात आणि आपले गणपती बसतात. तिथे राहणाऱ्याला एवढा इतिहास तरी माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

शहराच्या मध्यभागी ऑबर्न ॲव्हेन्यू आहे. १९०६ च्या सप्टेंबरात अटलांटात कृष्णवर्णीयांवर गोऱ्या जमावाने हल्ले केले, त्यात अलोन्झो हर्नडन यांच्या सलूनचीही नासधूस झाली. हर्नडन १८५८ साली गुलामगिरीत जन्मलेले. केशकर्तनातून उभे राहून त्यांनी अटलांटा लाइफ ही विमा कंपनी उभारली. त्या हल्ल्यांनंतर कृष्णवर्णीयांचे बरेच व्यवसाय ऑबर्नवर एकवटले. विमा कंपनी, बँक, वृत्तपत्र, औषधाचं दुकान, चर्च असं सगळं एका रस्त्यावर होतं. मग विसाव्या शतकाच्या मध्यात शहरातला मोठा महामार्ग याच वस्तीतून काढला आणि रस्त्याचे दोन तुकडे झाले. तुम्ही रोज ज्या डाउनटाउन कनेक्टरवरून गाडी चालवता, तोच हा महामार्ग.

भांडवलाची गोष्टही अशीच आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या जात आणि तिथे घरकर्ज मिळणं जवळपास अशक्य होई. इथे बहुतेक छोटे धंदे घर तारण ठेवून किंवा घरच्यांच्या पैशांवर सुरू होतात. ज्यांना घरच घेऊ दिलं नाही, त्यांच्या नातवंडांकडे तारण ठेवायला काय असणार? आज अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १४ टक्के आहेत, पण पगारी कामगार ठेवणाऱ्या व्यवसायांपैकी जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास व्यवसाय त्यांचे आहेत.

आपला याच्याशी संबंध काय, असं कुणी विचारतं तेव्हा मी १९६५ कडे बोट दाखवतो. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचं वातावरण पालटलं, म्हणून त्या वर्षी मूळ देशावरून ठरणारा जुना कोटा रद्द करणारा स्थलांतराचा कायदा झाला. त्याआधी भारतातून वर्षाला शंभरेक माणसांना इथे स्थायिक होता येई. आपल्यासाठी हे दार ज्यांनी उघडलं, त्यांच्यातले कितीतरी जण याच शहरात मार खाऊन, तुरुंगात जाऊन आले होते. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना अर्पण केलं होतं. म्हणजे हे नातं आपल्याकडून जोडलं गेलं, त्याला आता दीडशे वर्षं उलटून गेली.

पायरी १: आपल्याच खर्चाची यादी काढा

क्रेडिट कार्डाची मागच्या तीन महिन्यांची बिलं समोर घ्या. किराणा, पेट्रोल, विमा बाजूला ठेवा. उरलेल्यात काय दिसतं? केस कापणं, गाडीची सर्व्हिसिंग, मुलांच्या वाढदिवसाचा केक, शनिवारची कॉफी, मुलांची पुस्तकं, साबण-शांपू, फोटोग्राफर, टॅक्स भरून देणारा अकाउंटंट, दातांचा डॉक्टर, लॉन कापणारा. यांतले दोन किंवा तीनच निवडा. सगळं एकदम बदलायला गेलात तर दोन महिन्यांत सगळंच सुटेल.

जे वारंवार लागतं ते आधी निवडा. वर्षातून एकदा घेतलेल्या महागड्या भेटवस्तूपेक्षा दर दोन महिन्यांनी होणारी गाडीची कामं मेकॅनिकला जास्त उपयोगाची असतात, कारण त्यांच्या भरवशावर तो एखादा मदतनीस ठेवू शकतो.

पायरी २: शोधा आणि खात्री करा

यल्प आणि गूगल मॅप्सवर मालक स्वतः आपला व्यवसाय कृष्णवर्णीयांच्या मालकीचा म्हणून नोंदवू शकतात, तिथून सुरुवात करा. खाण्यापिण्यासाठी ‘ईटओक्रा’ नावाचं ॲप आहे. अटलांटा ब्लॅक चेंबर्स या व्यापारी संघटनेच्या सभासदांच्या यादीत वकील, प्लंबर, छपाईवाले असे लोक सापडतात, जे खाण्याच्या ॲपवर कधीच दिसणार नाहीत. हर्मन रसेल या बांधकाम उद्योजकाच्या नावाने चालणारं रसेल इनोव्हेशन सेंटर नव्या उद्योजकांना जागा आणि मार्गदर्शन देतं; त्यांचे बाजार आणि कार्यक्रम अधूनमधून होतात, तिथे जाऊन मालकांशी थेट बोलता येतं. १९६६ पासून निघणारं ‘अटलांटा व्हॉइस’ हे साप्ताहिक चाळा. त्यातल्या जाहिराती हीसुद्धा एक चांगली यादीच आहे.

सगळ्यात भरवशाचा मार्ग मात्र जुनाच. ऑफिसातल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला विचारा, ‘तुम्ही गाडी कुठे दाखवता?’ प्रश्न गाडीबद्दल असू द्या. ‘तुमच्या लोकांचा मेकॅनिक सांगा’ असं विचारलंत तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

दुकानात जाऊन मालकाचा वंश विचारू नका. दुकानाच्या वेबसाइटवर मालकांची माहिती बहुधा असते, नसेल तर राहू द्या. मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे व्यवसाय रीतसर प्रमाणपत्र घेतात, त्यासाठी किमान ५१ टक्के मालकी लागते. कोपऱ्यावरच्या बेकरीकडे ते नसणार, आणि नसल्याने काही बिघडत नाही.

मोठ्या ब्रँडच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुरू कुणी केलं आणि आज मालक कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. केसांच्या निगेची उत्पादनं करणाऱ्या ब्रँडपैकी शीमॉइश्चर २०१७ मध्ये युनिलिव्हरने घेतलं, मिएल २०२३ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने. संस्थापकांनी आपल्या कष्टाचं मोल घेतलं यात वावगं काहीच नाही, पण तुमचा डॉलर आता कुठे जातो ते ठाऊक असावं. तसंच दुकान-साखळ्यांचं. २०२५ मध्ये टार्गेटने विविधतेचे कार्यक्रम आवरते घेतले, तेव्हा अटलांटाजवळच्या न्यू बर्थ चर्चच्या पाद्र्यांनी ४० दिवसांचा खरेदी-उपवास पुकारला. त्याच वेळी टार्गेटच्या फळ्यांवर ज्यांचा माल होता असे काही कृष्णवर्णीय उद्योजक कासावीस झाले, कारण विक्री पडली तर फटका त्यांनाही होता. अशा वेळी त्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मागवणं हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो.

पायरी ३: जेवायला जा

इथून सुरुवात करणं सोपं. पाश्कल बंधूंनी १९४७ साली सुरू केलेल्या पाश्कल्समध्ये नागरी हक्क चळवळीतली मंडळी बैठका घेत. त्याच वर्षी सुरू झालेलं बिझी बी कॅफे तळलेल्या चिकनसाठी प्रसिद्ध आहे.

शाकाहारी असाल तर थोडं विचारून घ्यावं लागेल. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी आणि चवळी दिसायला शुद्ध शाकाहारी वाटतात, पण परंपरेने ती डुकराच्या किंवा टर्कीच्या धुरावलेल्या मांसाबरोबर शिजवतात. ‘यात मांसाचा रस्सा आहे का?’ असं स्पष्ट विचारा, कुणालाही राग येत नाही. याउलट वेस्ट एंड भागात शाकाहाराची जुनी परंपरा आहे. तिथलं सोल व्हेजिटेरियन आणि टसिलीज रॉ रिअ‍ॅलिटी पूर्ण व्हीगन आहेत, तिथे आजी-आजोबांनाही निर्धास्त नेता येतं. चवळी मूळची आफ्रिकेतली, आणि भेंडीही बहुधा तिथलीच. या ताटात त्या भेटल्या की घरच्या मोठ्या मंडळींनाही ओळख पटकन पटते.

‘त्या भागात जाऊ नका’ हा सल्ला नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात मिळतो, बहुधा आपल्याच माणसाकडून, आणि बहुधा तो सल्ला देणारा तिकडे कधी गेलेलाच नसतो. वेस्ट एंडला शनिवारी दुपारी जा, जेवा, जवळच्या ट्रूली लिव्हिंग वेल या शहरी शेतीच्या संस्थेची भाजी मिळते का ते पाहा, आणि मत स्वतः बनवा.

घरपोच मागवायचं झालं तर डिलिव्हरी ॲप टाळा. ही ॲप्स रेस्टॉरंटकडून साधारण १५ ते ३० टक्के कापून घेतात. फोन करून ऑर्डर द्या आणि स्वतः आणा. टेबलावर वाढलं असेल तर १८ ते २० टक्के टिप हा इथला रिवाज आहे, त्यात हात आखडता घेऊ नका.

पायरी ४: चांगलं गिऱ्हाईक व्हा

माझ्या मते सगळा भार या पायरीवर आहे, आणि आपण मराठी मंडळी इथेच सगळ्यात जास्त करू शकतो. कारण आपल्याकडे मंडळं आहेत. गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांत, पाडवा, एकांकिका स्पर्धा, सहल. प्रत्येक कार्यक्रमाला हॉल, ध्वनिव्यवस्था, फोटोग्राफर, मांडव-खुर्च्या, टी-शर्टची छपाई, केक, सुरक्षारक्षक, बस लागते. जेवण आपल्या केटररकडूनच येणार, ते ठीक आहे. पण बाकीच्या यादीत मराठीपणाची अट कुठेच नाही. तिथे कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांकडून दरपत्रक मागवा.

दरपत्रक मागवताना काम नेमकं सांगा: तारीख, वेळ, किती माणसं, वीज कुठून, सामान उतरवायला दार कुठलं. आरत्या चालू असताना फ्लॅश चालेल का, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचा आवाज किती असतो, हे साउंडवाल्याला आणि फोटोग्राफरला आधीच सांगा. शक्य असेल तर मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाठवा. त्यांच्यासाठी आपला उत्सव नवा आहे.

घासाघीस आपल्या अंगात मुरलेली असते. तीन दरपत्रकं घेऊन तुलना जरूर करा, पण दर ठरल्यावर ‘आम्ही तुम्हाला प्रसिद्धी देऊ, थोडं कमी करा’ हे म्हणू नका. छोट्या व्यावसायिकाला हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं की त्याचा अर्थ त्याला पुरता ठाऊक असतो. दर परवडत नसेल तर काम कमी करून मागा: सहा तासांऐवजी चार तास, दोन कॅमेऱ्यांऐवजी एक.

कागदपत्रं लवकर उरका. मंडळाला त्यांच्याकडून करासाठीचा डब्ल्यू-९ फॉर्म लागतो, आणि बऱ्याचदा हॉलवाले विम्याचं प्रमाणपत्र मागतात. हे कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात न मागता ठरवतानाच मागा. नवख्या व्यावसायिकाकडे एका दिवसापुरता विमा नसेल तर तो काढायला वेळ मिळतो. इसार, बहुधा निम्मी रक्कम, ठरल्या दिवशी द्या. उरलेले पैसे कार्यक्रम संपताच द्या. ‘खजिनदार भारतात गेलेत, आले की चेक देतो’ असं कारण कुणालाही ऐकवू नका. मोठी कंपनी महिनाभर थांबू शकते, दोन माणसांचा धंदा थांबू शकत नाही.

काम आवडलं तर दोन ओळींचा रिव्ह्यू लिहा आणि त्यात काम कसलं होतं ते सांगा. ‘चारशे माणसांच्या कार्यक्रमात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचला’ हे ‘छान सर्व्हिस’पेक्षा कितीतरी उपयोगी. काम बिघडलं तर रिव्ह्यू लिहिण्याआधी फोन करा, काय बिघडलं ते शांतपणे सांगा, सुधारायची संधी द्या. पण चुकलेल्या कामावर पांघरूणही घालू नका. एका छायाचित्रकाराचं काम पसंत पडलं नाही म्हणून ‘आता पुन्हा तिकडून नको’ असा शेरा सगळ्या समाजावर मारणं हे आपण आपल्या केटररच्या बाबतीत कधी करत नाही. इथेही करू नका.

आयटीतले मित्र उत्साहाने म्हणतात, ‘मी त्यांची वेबसाइट फुकट करून देतो.’ एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर थांबा. जे काम एरवी पैसे देऊन करून घेतलं जातं, ते नफा कमावणाऱ्या धंद्यासाठी फुकट करणं व्हिसाच्या नियमांत अडचणीचं ठरू शकतं. त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्या, त्याला कुठलाही व्हिसा आड येत नाही.

पायरी ५: एक बचत खातं

सिटिझन्स ट्रस्ट ही कृष्णवर्णीयांची बँक १९२१ पासून अटलांटात आहे. अशा बँकांनी दिलेली घर आणि धंद्याची कर्जं मुख्यतः त्यांच्याच वस्त्यांत जातात, आणि कर्ज द्यायला बँकेला ठेवी लागतात. पगाराचं खातं हलवायची गरज नाही. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम किंवा मुदत ठेव तिथे ठेवा. बँक-ठेवींचा विमा देणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेचं विमाकवच कुठल्याही मोठ्या बँकेसारखंच प्रत्येक खातेदाराला २,५०,००० डॉलरपर्यंत आहे. बँकेचं नाव एफडीआयसीच्या वेबसाइटवर तपासता येतं. व्याजदर, किमान शिल्लक आणि शुल्क मात्र आधी वाचून घ्या.

पायरी ६: संस्था निवडा, आणि लहान रक्कम दरमहा द्या

२०२४ च्या जूनमध्ये अपील कोर्टाने अटलांटातल्या फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची एक अनुदान स्पर्धा थांबवली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांना त्यातून २०,००० डॉलर मिळत. सप्टेंबरात तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. खास अनुदानांची वाट अशी आक्रसत असताना सामान्य माणसांच्या देणग्यांचं मोल वाढतं.

कुठे द्यायचं? शेती जिव्हाळ्याची असेल तर ईस्ट पॉइंटमधलं फेडरेशन ऑफ सदर्न कोऑपरेटिव्ह्ज पाहा. १९६७ पासून ते कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बांधतं आणि त्यांच्या जमिनी हातून जाऊ नयेत म्हणून झगडतं. सहकारी कारखाने आणि दूधसंघ पाहून मोठ्या झालेल्या माणसाला त्यांचं काम समजावून सांगावं लागत नाही. शिक्षणासाठी स्पेलमन, मोअरहाउस ही इथलीच कृष्णवर्णीयांची कॉलेजं आहेत. कमिंगकरांसाठी तर फोरसाइथमधून हुसकावलेल्यांच्या वंशजांना मिळणारी शिष्यवृत्ती आहे, ती तिथल्या चर्चच्या पाद्र्यांनी सुरू केली. आरोग्यासाठी सिकल सेल फाउंडेशन ऑफ जॉर्जिया. हा आजार अमेरिकेत साधारण एक लाख लोकांना आहे आणि त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय आहेत. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी घरांत हेच दुखणं आहे, तेव्हा विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना ते परकं नाही.

देण्याआधी आयआरएस या कर खात्याच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव करमुक्त संस्थांच्या यादीत शोधा आणि तिचा ९९० फॉर्म पाहा. खर्च कुठे होतो ते त्यात असतं. अगदी लहान संस्था आणि चर्चचे उपक्रम तिथे तपशिलाने सापडणार नाहीत. तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहणं हाच मार्ग.

एकदम ३०० डॉलर देण्यापेक्षा दरमहा २५ द्या. संस्थेला पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येतो. ‘फक्त अमुक कामासाठी’ अशी अट घालू नका, कारण भाडं आणि हिशेबनीसाचा पगार द्यायला कुणीच तयार नसतं. तुमची कंपनी देणगीएवढीच भर घालते का ते एचआरला विचारा. मोठ्या कंपन्यांत ही सोय बहुधा असते आणि नवे लोक ती वापरतच नाहीत.

स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर आधी विचारा की गरज कशाची आहे. शनिवारी सकाळी खोकी उचलायला माणसं हवी असतात, आपण मात्र धोरण सुचवायला जातो. खोकी उचला. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत, एरवीही बिनपगारी असलेलं काम केलं तर व्हिसाची अडचण सहसा येत नाही. शंका असेल तर कंपनीच्या वकिलाला एक ईमेल टाका.

पायरी ७: कॅलेंडरवर चार खुणा

फेब्रुवारीची गर्दी होणारच, त्यामुळे तुमची मोठी ऑर्डर जानेवारीत द्या. नाताळनंतर रेस्टॉरंटं रिकामी असतात. १९ जूनला जूनटीन्थ: १८६५ साली टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला गुलामांच्या मुक्तीचा हुकूम त्या दिवशी पोचला, आणि २०२१ पासून ही राष्ट्रीय सुट्टी आहे. ऑगस्ट हा कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांचा महिना. तो गणपतीच्या तयारीचाही, तेव्हा दरपत्रकं तेव्हाच मागवा. २६ डिसेंबर ते १ जानेवारी क्वान्झा हा कृष्णवर्णीयांचा सण, त्याचा चौथा दिवस सहकारी अर्थव्यवहाराला वाहिलेला असतो.

पायरी ८: यादी पुढच्या हातात द्या

मंडळाची कार्यकारिणी दर वर्षा-दोन वर्षांनी बदलते आणि जुन्या मंडळींच्या फोनमधले नंबर त्यांच्याबरोबरच जातात. मग नवी समिती पुन्हा पहिल्यापासून शोधते आणि जो पहिला सापडेल त्याला काम देते. दोन वर्षं जिव्हाळ्याने काम केलेल्या साउंडवाल्याला तिसऱ्या वर्षी फोनच जात नाही. यावर उपाय एका स्प्रेडशीटचा आहे: व्यवसायाचं नाव, मालकाशी संपर्क, काम, ठरलेला दर, इसार किती, विम्याचं प्रमाणपत्र कधी संपतं, काय उत्तम झालं, पुढच्या वेळी काय आधी सांगायला हवं. हिशेबाच्या वह्यांबरोबर ती नव्या खजिनदाराकडे द्या आणि जमलं तर एका दुपारी कॉफीला त्या व्यावसायिकांशी नव्या समितीची गाठ घालून द्या.